एडीएचडी, आजीचा बटवा आणि आमचं ताट: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

माझ्या लेकाला सातव्या वर्षी एडीएचडीचं निदान झालं, आता तो अकराचा आहे. या चार वर्षांत औषधांबद्दल मला मोजून चार जणांनी विचारलं असेल पण खाण्याबद्दल शाळेच्या गेटपासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळ्यांनी विचारलं, आणि विचारलं म्हणजे काय, सांगितलंच. बदाम दे, ब्राह्मी दे, साखर तोड, दूध तोड, सोनं चाटव. मी डॉक्टर नाही, बँकेत नोकरी करते, पण दर वेळी फोनवर तेच तेच सांगून थकले म्हणून एकदाच सगळं लिहून काढलंय. माहेर दापोलीकडचं आणि सासर कोल्हापूरचं, त्यामुळे उदाहरणं तिथलीच येतील.

एडीएचडी म्हणजे नक्की काय? आमचा पण एका जागी बसत नाही.

वांड पोरं सगळीकडेच असतात हो. एडीएचडी म्हणायला डॉक्टर बघतात की लक्ष न लागणं, चळवळ, विचार न करता उडी मारणं हे कमीत कमी सहा महिने चाललंय का, बारा वर्षांच्या आधीपासून आहे का, आणि मुख्य म्हणजे घर आणि शाळा अशा दोन्हीकडे दिसतंय का. फक्त गणिताच्या तासाला होत असेल तर ते गणिताचं दुखणं असू शकतं. जगभरात साधारण शंभरातल्या पाच मुलांना हे असतं असं मानतात, म्हणजे प्रत्येक वर्गात एखाद-दोन सापडतील. आणि सगळीच काही उड्या मारत नाहीत, काही मुली (मुलं पण) खिडकीबाहेर बघत गप्प बसलेल्या असतात, त्यांच्याकडे कुणाचं लक्षच जात नाही.

खाण्याने हे बरं होतं का?

नाही.

बरं, एवढ्यावर कुणाचं समाधान होत नाही म्हणून पुढे लिहिते. खाण्याने एडीएचडी जात नाही. पण पोटात काही कमी पडत असेल, रक्त कमी असेल, पोरगं उपाशी शाळेत जात असेल तर आहे ते दुखणं दुप्पट दिसतं, आणि ती कमतरता भरून काढली की तेवढा भाग सुधारतो. म्हणून मी घरी दोन खाती केलीत, ताटातलं आणि बाटलीतलं. ताटातलं म्हणजे भाजी, भाकरी, मासे, जवसाची चटणी, लाडू, यात आजी म्हणेल ते बहुतेक सगळं चालतं, उपयोग नाही झाला तरी पोट भरतं. बाटलीतलं म्हणजे सिरप, चूर्ण, थेंब, भस्म. तिथे मात्र 'आयुर्वेदिक आहे, साइड इफेक्ट नसतो' हे वाक्य ऐकलं की मी सावध होते.

मग सुरुवात कुठून करायची?

रक्त तपासण्यापासून. आमचं हेच उलटं झालं, आधी आठ महिने बदाम-ब्राह्मी-वेखंड आणि नंतर रक्त तपासलं, तेव्हा कळलं की हिमोग्लोबिन जेमतेम आणि फेरिटिन ११. फेरिटिन म्हणजे शरीराचा लोहाचा साठा, बँकवाली म्हणून सांगते, हिमोग्लोबिन म्हणजे हातातली रोकड आणि फेरिटिन म्हणजे एफडी. रोकड ठीक दिसत असते आणि एफडी मोडत आलेली असते, म्हणून नुसत्या सीबीसीवर (नेहमीच्या साध्या रक्ततपासणीवर) समाधान मानू नका, डॉक्टरांना फेरिटिन पण विचारा.

लोहाचा आणि लक्षाचा संबंध काय, तर मेंदूत डोपामिन (लक्ष लागायला मदत करणारं एक रसायन) तयार व्हायला लोह लागतं, आणि एडीएचडीत डोपामिनचाच मोठा घोळ मानतात. पॅरिसमध्ये २००४ साली एक अभ्यास झाला होता त्यात एडीएचडीच्या ५३ मुलांपैकी ८४ टक्क्यांचं फेरिटिन कमी निघालं आणि तुलनेसाठी घेतलेल्या मुलांत १८ टक्के. नंतरचे सगळे अभ्यास इतके एकमुखी नाहीत, हेही सांगायला हवं. पण आपल्याकडे मुळात रक्तच कमी असतं, २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातली पाच वर्षांखालची जवळपास ६९ टक्के मुलं ॲनिमियात निघाली. दहातली सात! त्यामुळे आपल्याकडे ही तपासणी आधी करण्यात तोटा काहीच नाही. सोबत बी१२ (शाकाहारी घरात तर नक्कीच), डी व्हिटॅमिन, थायरॉइड, आणि कान-डोळे. कमी ऐकू येणारं मूल पण 'लक्ष देत नाही' असंच दिसतं.

आणि प्लीज, लोहाचं सिरप स्वतःच्या मनाने सुरू करू नका. लहान मुलांत लोहाचा ओव्हरडोस जिवावर बेततो. आमच्याकडे डॉक्टरांनी डोस लिहून दिला आणि बाटली मी दागिन्यांच्या कपाटात कुलपात ठेवायचे, कारण गोड सिरप आणि असलं पोर हे कॉम्बिनेशन तुम्हाला माहितीच आहे.

लोहासाठी घरात काय द्यायचं? नाचणी ना?

नाचणी द्या पण तिचं खरं नाव कॅल्शियमसाठी आहे, शंभर ग्रॅमला साडेतीनशे मिलिग्रॅमच्या आसपास. लोहासाठी अळीव, बाजरी, मोड आलेली मटकी, लाल माठ, खजूर, आणि खात असाल तर अंडं, मटण, कलेजी. सात ते नऊ वर्षांच्या मुलाला दिवसाला १५ मिलिग्रॅम लोह लागतं असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं २०२० चं कोष्टक सांगतं. नुसत्या भाजी-भाकरीतून ते गाठायचं तर थोडी युक्ती लागते. मटकीच्या उसळीवर लिंबू पिळायचं, पोह्यांवर पिळतो तसंच, आंबट पडलं की लोह अंगी लागतं. भाजी लोखंडी कढईत. अळिवाचे लाडू ओलं खोबरं आणि गूळ घालून, आमच्याकडे बाळंतिणीचे म्हणून मुलं नाक मुरडायची, मग मी सुपारीएवढे वळून त्यांना 'गोळ्या' म्हणायला लागले आणि डबा दोन दिवसांत संपायला लागला.

यापेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे चहा. सकाळी चहा-चपाती, चहा-बटर, चहा-खारी हा आपल्या अर्ध्या महाराष्ट्राच्या पोरांचा नाश्ता आहे आणि चहातलं टॅनिन जेवणातलं लोह अडवतं. कपभर चहा तोडण्याने जे होईल ते किलोभर खजुराने व्हायचं नाही. माझ्या सासूबाईंना हे पटायला सगळ्यात जास्त वेळ लागला, कारण 'एवढासा दुधाळ चहा' त्याच पाजायच्या. लोहाचं सिरप चालू असेल तर तेही दूध-चहासोबत नाही, आणि शी काळी झाली तर घाबरू नका, होते तशी.

रोज पाच बदाम भिजवून देतोय, बुद्धीसाठी. चालेल ना?

चालेल. बदाम चांगलं खाणं आहे, प्रोटीन आहे, मॅग्नेशियम आहे. त्याने एडीएचडी कमी होतो असं काही दिसलेलं नाही. चार-पाच वर्षांच्या आतल्या पोराला अख्खा देऊ नका, घशात अडकतो, आणि आपली पोरं पळत पळत खातात. कुटून किंवा उगाळून द्या. महाग वाटत असतील तर शेंगदाणे द्या, बदामाने काही वेगळी जादू होत नाहीये.

ओमेगा-३ चं काय? जवस, अक्रोड, मासे?

हा त्यातल्या त्यात जीव असलेला विषय आहे. २०११ मध्ये दहा चाचण्या, म्हणजे ६९९ मुलं, एकत्र करून बघितलं तेव्हा ओमेगा-३ ने फायदा दिसला पण छोटा, एडीएचडीच्या गोळीच्या मानाने बराच कमी, आणि त्यातही ईपीए नावाचा भाग जास्त असला तर बरा. इतर काही आढाव्यांना तेवढाही ठोस वाटला नाही. म्हणजे अपेक्षा बेताची ठेवून करण्यासारखं.

गोम अशी की जवस-अक्रोडातलं ओमेगा-३ वेगळ्या प्रकारचं असतं, शरीराला ते ईपीएत बदलावं लागतं आणि त्यात फार थोडं बदलतं. मासे थेट ईपीए आणि त्याचाच जोडीदार डीएचए देतात. माझ्या आईचं म्हणणं सरळ आहे, 'बांगडा खा नि गप बस', आणि या बाबतीत ती बरोबर निघाली. बांगडा, तारली हे स्वस्त आणि तेलकट मासे, पापलेटपेक्षा यात ओमेगा-३ जास्त आणि खिशालाही परवडतं. आठवड्यात दोनदा पुरे. मुशीसारखे मोठे शिकारी मासे मुलांना वारंवार नको, त्यांच्यात पारा साठतो. आणि तळून कडक करण्यापेक्षा तिखलं किंवा कालवण. काटे मात्र तुम्हीच काढायचे, नुसतं 'काटे बघून खा' सांगून भागत नाही.

शाकाहारी घरात जवसाची चटणी, तीही भाजून कुटलेली, कारण अख्खं जवस पोटातून जसंच्या तसं बाहेर येतं. फिश ऑइलची कॅप्सूल हवी असेल तर डॉक्टरांना विचारून.

साखर बंद केली की मूल शांत होतं, हे तर सगळेच सांगतात?

सगळे सांगतात आणि अभ्यास उलटं सांगतात. १९८० आणि ९० च्या दशकांत यावर बऱ्याच चाचण्या झाल्या, मुलांना, आईवडिलांना कुणालाच माहीत नाही की आज साखर आहे की दुसरं गोड, आणि वागण्यात फरक सापडला नाही. त्यातली माझी आवडती १९९४ ची, पाच ते सात वर्षांचे ३५ मुलगे आणि त्यांच्या आया. सगळ्या मुलांना बिनसाखरेचं गोड पेय दिलं पण अर्ध्या आयांना सांगितलं की भरपूर साखर दिलीय. त्या आयांना आपला पोरगा जास्त उधळलेला वाटला, त्या त्याच्या जास्त मागे मागे राहिल्या आणि जास्त टोकत राहिल्या. पोरगा तोच! मी हे वाचलं त्या दिवशी गेल्या दोन दिवाळ्या आठवल्या आणि गप्प बसले.

बारशात, वाढदिवसात पोरं उधळतात ती गर्दी-गोंगाट-जागरणाने. साखर कमी करा दातांसाठी, वजनासाठी, भूक मरते म्हणून. पण पुरणपोळीच्या दिवशी पोराला बाजूला बसवून रडवू नका.

आणि ते रंग? गोळा, जिलेबी, चायनीज भेळ?

इथे जरा तथ्य आहे. इंग्लंडमध्ये साउदॅम्पटनला तीन वर्षांच्या आणि आठ-नऊ वर्षांच्या साध्या मुलांवर (म्हणजे एडीएचडी नसलेल्याही) चाचणी झाली, २००७ मध्ये छापली, काही कृत्रिम रंग आणि सोडियम बेंझोएट एकत्र दिल्यावर थोडी चळवळ वाढलेली दिसली. थोडी, आणि सगळ्यांत नाही. पण त्यानंतर युरोपियन युनियनने २०१० पासून असे सहा रंग असलेल्या खाऊवर मुलांच्या वागण्याबद्दल इशारा छापणं सक्तीचं केलं. त्या सहापैकी टार्ट्राझीन, सनसेट यलो, कार्मोइसिन आणि पाँसो ४आर हे आपल्याकडे परवानगी असलेल्या यादीत आहेत. पाकिटावर १०२, ११०, १२२, १२४ असे नंबर दिसले तर तेच. बेंझोएट म्हणजे २११.

जत्रेतला माल तर पाकिटातही नसतो. २०२४ च्या फेब्रुवारीत तमिळनाडूने बुढ्ढी के बाल वर बंदी घातली कारण त्यात ऱ्होडामाइन बी, म्हणजे खायचा नसलेलाच रंग सापडला, मार्चमध्ये कर्नाटकने गोबी मंचुरियनमधले कृत्रिम रंग बंद केले. आमच्या घरी नियम एवढाच, जीभ रंगली तर ते खायचं नाही. काला खट्टावर अजून भांडण चालू आहे. घरी कोकमाचं सरबत घालून गोळा करते मी, तो काय म्हणतो ते इथे लिहीत नाही.

ब्राह्मी, शंखपुष्पीने खरंच फरक पडतो का?

आधी एक घोळ सोडवते. बाजारात 'ब्राह्मी' म्हणून दोन वेगळ्या वनस्पती विकतात, एक जाडसर बारीक पानांची जलब्राह्मी आणि दुसरी गोल पानांची मंडूकपर्णी. चरकसंहितेत जी चार मेध्य (म्हणजे बुद्धीसाठीची) रसायनं सांगितलीत ती म्हणजे मंडूकपर्णीचा रस, दुधाबरोबर ज्येष्ठमध, गुळवेलीचा रस आणि शंखपुष्पीचा कल्क. म्हणजे तेलाच्या बाटलीवरची, सिरपमधली आणि आजीच्या कुंडीतली ब्राह्मी एकच असेल असं नाही, बाटलीवर शास्त्रीय नाव वाचा.

आता फरक. ऑस्ट्रेलियात सहा ते चौदा वर्षांच्या शंभरावर मुलग्यांना जलब्राह्मीचा अर्क १४ आठवडे दिला, निम्म्यांना खोटी, म्हणजे औषध नसलेली गोळी. २०२२ मध्ये निकाल आला, मुख्य लक्षणांत फरक नाही. झोप, विचार एका गोष्टीवरून दुसरीकडे वळवणं अशा काही बाजूच्या गोष्टींत थोडं बरं दिसलं. आधी भारतात ३१ मुलांवर झालेला अभ्यास फार छान निघाला होता पण त्यात तुलनेला दुसरा गटच नव्हता, सगळ्यांना माहीत होतं की औषध चालू आहे, आणि साखरेच्या गोष्टीत आपण बघितलंच की आयांचे डोळे काय करतात.

द्यायचीच असेल तर वैद्यांना आणि बालरोगतज्ज्ञांना दोघांना सांगून. पोटात कळ, पातळ शी हे त्रास होतात ब्राह्मीने. आणि शंखपुष्पीबद्दल हे नीट वाचा: मूल फिटची फेनिटॉइन गोळी घेत असेल तर शंखपुष्पी सिरप अजिबात नको. फिट आटोक्यात असलेल्या पेशंटना हे सिरप सुरू केल्यावर परत फिट यायला लागल्या, तपासलं तर रक्तातलं फेनिटॉइन उतरलं होतं, १९९२ मध्ये मुंबईच्याच डॉक्टरांनी हे छापलंय. एडीएचडीच्या मुलांमध्ये फिटचा त्रासही इतरांपेक्षा जास्त दिसतो म्हणून मुद्दाम सांगतेय.

पुष्य नक्षत्राला सुवर्णप्राशन (मध-तुपातून सोनं चाटवणं) देतात ते?

काश्यपसंहितेत आहे ते, एक महिना दिलं तर परममेधावी आणि सहा महिने दिलं तर ऐकलेलं लक्षात ठेवणारा श्रुतधर होतो असं लिहिलंय. पण ते बाळाला रोज चाटवायचं म्हणून सांगितलंय, आताची शिबिरं सत्तावीस दिवसांनी एक थेंब देतात. एडीएचडीवर याची नीट चाचणी माझ्या डॉक्टरांनी मला दाखवली नाही आणि मलाही सापडली नाही. देणारे देतात, मी पण तीनदा नेलं होतं, रांगेत दीड तास उभं राहून, आणि त्या रांगेत आमचं पोर काय करत होतं ते विचारू नका. वर्षाच्या आतल्या बाळाला मध घातलेलं काहीही नको, बोट्युलिझम नावाच्या जिवावर बेतणाऱ्या विषबाधेची भीती असते, ही गोष्ट मात्र पक्की आहे.

बाळगुटीतलं वेखंड, जायफळ चालू ठेवायचं का? आमच्या आजीने सगळ्यांना दिलंय.

माझ्याही. सहाणेवर वेखंडाचे दोन वळसे, बोलायला लागायला आणि बुद्धी तल्लख व्हायला. वेखंडात बीटा-ॲसारोन नावाचं रसायन असतं, उंदरांना दिल्यावर गाठी झाल्या म्हणून अमेरिकेने १९६८ पासून खाण्यात वेखंड बंद केलंय, आणि आपल्याकडच्या वेखंडात त्याचं प्रमाण जास्त असतं. दोन वळशांनी माझ्या पिढीचं काय झालं? दिसण्यासारखं काही नाही. पण गुटी वर्षभरात संपायची, ते सात-आठ वर्षांच्या पोराला चमचा चमचा चूर्ण महिनोन्महिने देणं आणि गुटी ही एकच गोष्ट नाही. मी बंद केलं.

जायफळाचं तसंच. रात्री शांत झोपावा म्हणून दुधात जायफळ, श्रीखंडात असतं तेवढं चिमूटभर ठीक. झोपत नाही म्हणून वाढवत गेलात तर छातीत धडधड, भ्रम, उलट्या होतात, ती झोप नव्हे, ती बाधा असते.

चूर्ण-भस्मात शिसं असतं म्हणतात, खरं का?

सगळ्यात नाही, पण बॉस्टनमध्ये दुकानांतून दक्षिण आशियात तयार झालेली ७० आयुर्वेदिक उत्पादनं आणून तपासली होती, २००४ मध्ये, १४ मध्ये शिसं, पारा किंवा आर्सेनिक निघालं. पाचातलं एक. आता यातली चीड आणणारी गोष्ट बघा, शिसं लहान मुलांच्या मेंदूत गेलं की लक्ष कमी होतं आणि चिडचिड-चळवळ वाढते. म्हणजे ज्या दुखण्यावर पावडर घेताय तेच वाढवणार. बिनलेबलची पुडी, कुरियरने येणारी, 'फॉर्म्युला सांगत नाही' वाली पावडर कितीही ओळखीच्यांनी सांगितली तरी नको. आम्हाला अशीच एक महिना साडेतीन हजारांची मिळाली होती, घटक विचारले तर 'हिमालयातल्या जडीबुटी' एवढंच उत्तर. हळदीतही पिवळेपणासाठी लेड क्रोमेट (शिसं असलेला रंग) मिसळल्याचं भारतात-बांगलादेशात सापडलंय, म्हणून सांगलीहून हळकुंड आणून दळते, हा अतिरेक वाटत असेल तर वाटू दे.

केशर?

इराणमध्ये २०१९ साली ५४ मुलांवर सहा आठवडे केशर आणि मिथाइलफेनिडेट (एडीएचडीची नेहमीची गोळी) यांची तुलना केली, जवळपास सारखं निघालं. छान वाटतं ऐकायला, पण छोटा अभ्यास, खोट्या गोळीचा गट नाही, कालावधी कमी. आणि आपल्या बाजारात मिळणारं केशर किती वेळा रंगवलेले मक्याचे केस असतात ते देवच जाणे. सणाला दुधात घाला.

गहू-दूध बंद केल्याने शेजारच्यांचा मुलगा सुधारला, आम्ही करू का?

सीलिएक (गहू न सोसण्याचा आजार) असेल किंवा दुधाची ॲलर्जी तपासून निघाली असेल तर हो. नाहीतर वाढत्या पोराचं अर्धं जेवण काढून घेण्यासारखं आहे. अगदी मोजके पदार्थ ठेवून बाकी सगळं बंद करायची एक पद्धत नेदरलँड्समध्ये २०११ ला शंभर मुलांवर तपासली, त्यात बऱ्याच मुलांत फरक दिसला, पण ते आहारतज्ज्ञांच्या देखरेखीखाली होतं, पाच आठवडे, आणि आईवडिलांना माहीत होतं काय चाललंय. घरच्या घरी करू नका. आधीच जेमतेम खाणारी ही मुलं, त्यात भाकरी-दूध-अंडं तोडलं तर उरलं काय, मुरमुरे?

दात खातो, पोटात जंत असतील, वावडिंग देऊ?

जंत असतील तर रक्त कमी होतं आणि रक्त कमी झालं की लक्ष, ती साखळी खरी आहे. पण १० फेब्रुवारीला शाळा-अंगणवाडीत जंतनाशक दिनाची अल्बेंडाझोलची गोळी फुकट मिळते, ती चुकवू नका. वावडिंग घालून पाणी उकळा हवं तर, गोळीच्या ऐवजी नाही.

गोळी चालू केल्यापासून भूकच मेली. काय करू?

हा प्रश्न खऱ्या अर्थाने स्वयंपाकघराचा आहे आणि इथे आजी-पणजीचं सगळं ज्ञान कामाला येतं. मिथाइलफेनिडेटने दुपारची भूक मरते. आमचा डबा रोज तसाच परत यायचा, मी रडायचे, तो ओरडायचा. मग डॉक्टरांनी सोपं सांगितलं, गोळीच्या आधी भरपेट खायला घाला आणि गोळी उतरली की परत.

सकाळी सात वाजता गोळीच्या आधी खरा नाश्ता: तूप लावलेलं थालीपीठ आणि दही, किंवा दोन अंडी आणि भाकरी, किंवा शेंगदाणे घातलेले पोहे, वर लिंबू. मुगाच्या डाळीचं धिरडं. डब्यात थोडं पण घट्ट, म्हणजे छोटा लाडू, चीजपेक्षा चांगलं पनीर, दाण्याची पोळी, दोन घासात संपणारं, कारण मधली सुट्टी वीस मिनिटांची आणि त्यातली अठरा ग्राउंडवर. दुपारी जेवला नाही तरी भांडायचं नाही. संध्याकाळी पाच-सहाला मात्र वाघासारखी भूक लागते, त्या वेळी बिस्किटाचा पुडा हाताला लागला तर संपलं, म्हणून त्या वेळी मी खरं जेवणच वाढते, वरण-भात-तूप-भाजी, आणि नऊ वाजता दुसरं छोटं जेवण. सासरी 'दिवेलागणीला कसलं जेवण' म्हणून चर्चा झाली, होऊ दे. दर महिन्याला वजन आणि दर तीन महिन्यांनी उंची भिंतीवर पेन्सिलने, कमी वाटली तर डॉक्टर.

ताटावर बसतच नाही हो. एक घास, एक चक्कर.

आमचंही तेच. बसवायचा नाद सोडला आणि कामाला लावला. कणीक तिंबायला, शेंगा सोलायला, कोथिंबीर निवडायला, डोसा उलटायला. हाताला काम असलं की हाच मुलगा वीस मिनिटं एका जागी उभा राहतो, आणि स्वतः केलेलं खातो. टीव्ही बंद, ताट छोटं, पहिली वाढणी कमी. उभ्याने खाल्लं तरी खाऊ दे. आमच्या आत्याबाई म्हणतात उभ्याने खाल्लेलं अंगी लागत नाही, माझ्या मते उपाशी राहिलेलं त्याहून लागत नाही.

दुधात घालायच्या त्या चॉकलेटी पावडरी, मेंदूच्या वाढीच्या?

मुख्यतः साखर आणि माल्ट. केंद्र सरकारने एप्रिल २०२४ मध्ये ऑनलाइन विकणाऱ्यांना या 'हेल्थ ड्रिंक' गटातून काढायला सांगितल्या, यातच आलं. खारीक पूड, नाचणीसत्त्व, हळद, काहीही घाला.

उपयोग होतोय की नाही हे कळणार कसं?

एका वेळी एकच बदल. आम्ही एकाच आठवड्यात फिश ऑइल, ब्राह्मी, साखरबंदी आणि नवी ट्यूशन सुरू केली, सुधारला तर कशाने ते आजही माहीत नाही. एक गोष्ट, चार ते सहा आठवडे, कॅलेंडरवर रोज तीन आकडे: गृहपाठाला किती वेळ, किती वेळा उठला, झोपला किती वाजता. आणि शाळेतल्या बाईंना सांगायचं नाही काय बदललंय, फक्त महिन्याने विचारायचं. त्यांनी आपणहून 'फरक वाटतोय' म्हटलं तर ते खरं. गोळी आपल्या मनाने बंद करून खाण्याची परीक्षा घेऊ नका, कधीच.

सासूबाई/आई ऐकत नाहीत, गोळीच्या विरोधात आहेत.

गोळीवरून भांडू नका, त्यांना ताटाचं खातं पूर्ण द्या. मी सरळ म्हणाले, 'आई, याचं लोह तुम्ही बघा, मी बाकीचं बघते.' त्यांनी चहा बंद केला, स्वतः अळिवाचे लाडू वळले, मटकीला मोड आणले, आणि चार महिन्यांनी फेरिटिन ११ वरून ३८ झालं. सिरप पण चालू होतं बरं का, पण तो रिपोर्ट त्यांनी पर्समध्ये ठेवलाय आणि भिशीत दाखवतात.

तपासायला कुठे न्यायचं? खाजगी परवडत नाही.

सरकारच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात, २०१३ पासून, ज्या आजारांसाठी मुलं तपासतात त्या यादीत एडीएचडी आहे. शाळा-अंगणवाडीत येणाऱ्या टीमला सांगा, त्या जिल्ह्याच्या केंद्रात पाठवतात. मोठ्या सरकारी मेडिकल कॉलेजांत बालमानसोपचाराची ओपीडी असते. फोनवर बोलायचं असेल तर टेलिमानस, म्हणजे सरकारची मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, १४४१६, मराठीतही बोलतात. सहा वर्षांच्या आतलं मूल असेल तर बहुतेक ठिकाणी गोळीच्या आधी आईबाबांनाच शिकवतात, कसं सांगायचं, कसं थांबवायचं. ते वर्ग कंटाळवाणे वाटतात पण जा. आम्हाला सगळ्या खाण्यापिण्यापेक्षा त्याचा जास्त उपयोग झाला.

तुमच्याकडे आता काय चालू आहे?

गोळी, तीच, डोस एकदा बदलला. आठवड्यात दोनदा बांगडा किंवा तारली, श्रावणात जवस. चहा नाही. ब्राह्मीची कुंडी गॅलरीत आहे अजून, पानं चटणीत टाकतो कधीतरी, आणि पाणी रोज तोच घालतो, विसरला तर आजी आठवण करते.